इंजिनासाठी थंड हवेचे ठिकाण

स्वतःसाठी कूलर घ्यायचा म्हटलं की पुणेकर चार दुकानं पालथी घालतो आणि ‘यंदा उकाडा तसा कमीच आहे’ असं जाहीर करून रिकाम्या हातानं घरी येतो. त्याच घरातले पंचविशीतले चिरंजीव मात्र गाडीच्या इंजिनाला गार हवा मिळावी म्हणून पाच आकडी रक्कम मोजून मोकळे होतात. या वस्तूला कोल्ड एअर इनटेक म्हणतात. ॲल्युमिनियमचा चकचकीत वाकडा पाइप, टोकाला शंकूच्या आकाराचा लालभडक फिल्टर आणि काचेवर लावायला एक स्टिकर. निम्मी ताकद स्टिकरनेच वाढते, असं माझं निरीक्षण आहे.

सिद्धांताला नावं ठेवायला जागा नाही. गार हवा दाट असते, दाट हवेत ऑक्सिजन जास्त, ऑक्सिजन जास्त म्हणजे पेट्रोल जास्त जळणार आणि ताकद वाढणार. पस्तीस अंशांची हवा पंचवीसवर आणली की ती सव्वातीन टक्क्यांच्या आसपास दाट होते. ८० घोड्यांच्या हॅचबॅकला हे अडीच घोडे झाले, तेही ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तर. पाय अर्धवट दाबलेला असताना इंजिनाच्या तोंडाशी थ्रॉटलची झडपच हवा अडवून बसलेली असते. तिच्याअलीकडे पाइप लावा नाहीतर बोगदा खणा, तिला सोयरसुतक नसतं. १.२ लिटरचं इंजिन सहा हजार फेऱ्यांवर मिनिटाला ३६०० लिटरपर्यंत हवा ओढू शकतं खरं. पण संध्याकाळी सात वाजता सिंहगड रोडवर हे सहा हजार फेऱ्यांचं प्रकरण नेमकं कुठे उरकायचं, ते खोक्यावर छापलेलं नसतं.

आमच्या भाच्यानं हा सोहळा रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये केला. मदतीला दोन मित्र, मोबाइलवर एक व्हिडिओ आणि सल्लागार म्हणून वॉचमन. आधी कंपनीचा काळा प्लॅस्टिकचा डबा काढायचा. वरच्या क्लिपा पटापट निघाल्या. खालचा बोल्ट मात्र अशा बोळात होता की पाना जरा वळला की बॅटरीवर आपटायचा. तासाभरानं तो निघाला, हातातून निसटला आणि इंजिनाखालच्या कव्हरमध्ये गेला. अजून तिथेच आहे. डाव्या वळणावर वाजतो. डब्यात एक वाळकं पान आणि एक पतंग सापडला. ‘बघितलंत मामा, कसं गुदमरत होतं बिचारं!’ असं म्हणून भाच्यानं त्या दोघांचा फोटो काढला.

‘हा जुना डबा हवा घ्यायचा कुठून रे?’ मी विचारलं. तिघांनी वाकून शोध घेतला. डब्याची नळी पुढे जाऊन रेडिएटरच्या वर, जाळीमागे उघडत होती. म्हणजे बाहेरच्या गार हवेचा रस्ता कंपनीनं गाडीसोबतच दिलेला होता. नवा लाल शंकू बसला तो बॉनेटच्या आत, तापलेल्या इंजिनाच्या कुशीत. सिग्नलला दहा मिनिटं गाडी उभी राहिली की तिथली हवा पापड भाजण्याच्या लायकीची होते. ‘त्याला हीट शील्ड मिळतं,’ भाचा म्हणाला. ‘वेगळं घ्यावं लागतं.’

दाट हवाच हवी असेल तर खरा उपाय सांगायला कुठलाही पुणेकर धजावणार नाही. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच. इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा सहा-साडेसहा टक्क्यांनी कमी. टर्बो नसलेल्या इंजिनाला हा तोटा जन्मजात. म्हणजे पाच आकडी खर्च करून जे तीन टक्के मिळाले तर मिळणार, त्याच्या दुप्पट घाट उतरून खोपोलीला गेल्यावर फुकट मिळतात. टोल तेवढा भरायचा. महाबळेश्वरला न्यावं तर आणखी पंचाईत: हवा गार खरी, पण साडेतेराशे मीटरवर दाब कोकणाच्या मानानं पंधराएक टक्के कमी. माणसांच्या थंड हवेच्या ठिकाणी इंजिनाला धाप लागते. एकूण इंजिनाच्या तब्येतीला मुंबई मानवते, हे सदाशिव पेठेत बोलायची सोय नाही.

मग लोक हे बसवतात कशासाठी? आवाजासाठी. कंपनीच्या डब्यात हवेचा घोंघाट गिळायला पोकळ्या ठेवलेल्या असतात. कुणा इंजिनिअरनं गाडी शांत चालावी म्हणून त्यासाठी डोकं झिजवलेलं असतं. तो डबा निघाला की ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर बॉनेटखालून ‘घूंऽऽऽ’ येतं आणि गाडी पळाली असं वाटतं. वाटतं म्हणून पाय आणखी दाबला जातो. मग ॲव्हरेज का पडलं, यावर चर्चा होते. त्यातून फिल्टर तेलाच्या कापसाचा असेल आणि धुतल्यावर हौसेनं तेल जास्त चोपडलं, तर ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर असतो त्यात ते सेन्सरवर जाऊन बसतं. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो. त्याचं स्टिकर मिळत नाही.

कायद्याला मात्र ही हौस अजिबात कळत नाही. नोंदणीतला तपशील उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनं बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी सोय केली आहे. ‘प्रत्येक फेरफारामागे’! म्हणजे घाऊक खरेदीवर सूट नाही. पाइप कशात मोडतो, असं भाच्याला विचारलं तर म्हणाला, ‘बॉनेट उघडतो कोण, मामा?’

बॉनेट पावसाळ्यात उघडतं. ज्यांना खरोखरच गार हवा हवी असते ते फिल्टर खाली बंपरच्या मागे उतरवतात. तिथे हवा गारच असते, आणि जुलैत पाणीही. साचलेल्या पाण्यात गाडी घातली की इंजिन हवेबरोबर तेही ओढतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे सहसा बसत नाही. इंजिनासाठी वेगळं कवच घ्यावं लागतं, आणि ते घेतलेलं असलं तरी सर्व्हेअरची नजर पहिल्यांदा लाल शंकूवरच जाते.

हे सगळं मी भावोजींना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मुलाला बोलावलं आणि गाडीत आणखी काय काय करायचा विचार आहे ते विचारलं. ‘हवा आत मस्त जातेय, बाबा,’ तो म्हणाला, ‘पण बाहेर पडताना अडकते. सायलेन्सर बदलायला लागेल.’