पाठीवर सॅक, डोक्यात चाकण

तो चाकणला, दुचाकीच्या फ्रेम जोडणाऱ्या कारखान्यात, वेल्ड शॉपला. ती भोसरीत, परचेसला. राहायला मोशी. झेंडा धरलेल्या टूर मॅनेजरच्या मागून फिरायचं नाही, पाठीवर सॅक टाकून निघायचं, असा ठराव झाला आणि देश ठरला व्हिएतनाम. ई-व्हिसा घरबसल्या 25 डॉलरमध्ये मिळतो आणि मुंबईहून हनोईला थेट विमान आहे, एवढी कारणं त्यांना पुरली. सॅक राजगड-तोरणा करून आलेल्या होत्या. त्यांत सासूबाईंनी शेंगदाण्याची चटणी, भडंग आणि "असू दे गं, परका मुलूख" म्हणत आणखी भडंग भरला.

सोसायटीच्या ग्रुपवर एका काकांनी काम सोपवलं: तिथे शिवाजी महाराजांचा पुतळा आहे, फोटो पाठवा. महाराजांचा गनिमी कावा वाचून व्हिएतनामने अमेरिकेला नमवलं, हा मजकूर महाराष्ट्रातल्या प्रत्येक फोनवर निदान एकदा येऊन गेला असेल. पुरावा मात्र त्याच्याबरोबर कधी येत नाही. ती परचेसमधली, कागदाशिवाय माल उतरवून घेत नाही. तिने लिहिलं, "काका, तिथे 'मी सन' नावाच्या ठिकाणी चाम राजांची शिवमंदिरं आहेत, चौथ्या शतकापासूनची. 2020 साली तिथे आपल्या पुरातत्त्व खात्याला अखंड दगडाचं शिवलिंग सापडलं. आधी हनोई, मग तिकडे. फोटो नक्की पाठवते." काकांनी अंगठा पाठवला. तो कौतुकाचा की नाराजीचा, ते ज्याने त्याने ठरवावं.

नोई बाई विमानतळावर दहा हजार रुपयांचे डॉलर मोडले आणि हातात आले जवळजवळ 30 लाख डाँग. फ्लॅटचे हप्ते फेडणाऱ्या माणसाला खिशात एवढे लाख घेऊन चालायची सवय नसते. 86 नंबरच्या बसचं तिकीट 45,000 ऐकून तो आधी हबकला आणि मग तीनशेने भागायला लागला. नोटांवर सगळीकडे हो ची मिन्ह. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच. भाजलेल्या कणसाचे पैसे देताना त्याने पाच लाखांची पुढे केली. कणीसवाल्या आजींनी हसत ती परत केली आणि त्याच्या पाकिटातून योग्य ती नोट स्वतःच काढून घेतली. त्या क्षणापासून खजिना बायकोकडे गेला.

रस्ता ओलांडणं हा त्यांना आपला प्रांत वाटत होता. तळेगाव चौक आणि आंबेठाण चौक कोळून प्यायलेली माणसं ही! पण चाकणला गाड्या उभ्या असतात, माणूस त्यांच्यामधून वाट काढतो. हनोईत गाड्या वाहतात. दहा कोटींच्या देशात सात कोटींहून जास्त दुचाकी नोंदलेल्या, आणि त्या सगळ्या आजच होआन कीएम तळ्याकडे निघाल्यात असं वाटावं. तिथला नियम असा की थांबायचं नाही, पळायचं नाही, मागे वळायचं नाही. संथ पावलांनी चालत राहायचं, गाड्या आपोआप बाजूने जातात. तो मात्र सवयीने हात दाखवून मध्येच थांबला आणि पन्नासेक स्कूटरवाल्यांचा हिशेब चुकवला. ती एका म्हाताऱ्या बाईच्या सावलीला लागून केव्हाच पलीकडे पोचली होती.

सिग्नलला मात्र सगळे रेषेच्या आत. 2025 च्या जानेवारीपासून दुचाकीने लाल दिवा तोडला की दंड 40 ते 60 लाख डाँग. तीनशेने भागलं तरी तेरा हजारांच्या खाली येत नाही. डोक्यावर हेल्मेटही, 2007 च्या डिसेंबरपासून सक्तीचं. पिंपरी-चिंचवडकरांशी बोलताना हा विषय जपून काढावा, म्हणून इथेच सोडू. तिला मात्र माहेरी आल्यासारखं वाटलं: टोपीचं जाकीट, तोंडावर मास्क, हातमोजे, फक्त डोळे उघडे, अशा स्कूटरवाल्या बाया. स्कार्फ गुंडाळून नाशिक फाट्यावरून जाणाऱ्या तिच्या मैत्रिणी आणि या, ओळखपरेडला उभ्या केल्या तर पोलीस हात टेकतील.

गुरुवारी पंचाईत झाली. त्याचा वार, आणि इथे भाजीतसुद्धा माशाचं पाणी. पुष्कळ व्हिएतनामी बौद्ध अमावास्या-पौर्णिमेला शाकाहार पाळतात. गुरुवार कुणीच पाळत नाही. अंड्याची कॉफी तरी? 1946 साली दुधाचा तुटवडा असताना मेट्रोपोल हॉटेलातल्या एका बारटेंडरने बलक फेटून ती बनवली. त्याचा कप तिनेच संपवला. तो भडंगावर राहिला.

जुन्या शहरातल्या गल्ल्या मालाच्या नावाने वसलेल्या. हांग बाक चांदीची, हांग मा कागदी सामानाची. हांग थिएक ही पत्र्याची, आणि तिथे अजूनही रस्त्यावर बसून ठोकाठोक चालते. मंदिर, संग्रहालय झटपट उरकणारा हा माणूस इथे तासभर हलला नाही. डाय नाही, प्रेस नाही, निव्वळ हातोडीने कड वळवलेली. त्याने डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बायकोला म्हणाला, "अगं, बर नाही, कडेला कुठे खरखर लागत नाही!" तिने कारागिराचा कॅल्क्युलेटर हातात घेतला. एकाचा भाव विचारला, दहाचा विचारला, मग शंभरचा. त्याने शंभरचा आकडा लिहिला, तेव्हा तिला आठवलं की आपण सुट्टीवर आहोत. घेतला एकच.

भाड्याची मोटरसायकल घ्यायचा बेतही होता. त्याने आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणला होता. पण आपला परवाना 1949 च्या जिनिव्हा कराराचा, आणि व्हिएतनाम मानतो 1968 चा व्हिएन्ना करार. पल्सर जिथे बनते त्या चाकणचा माणूस ग्रॅबवाल्याच्या, म्हणजे बाइक-टॅक्सीवाल्याच्या, मागे बसला. ती दुसऱ्या ग्रॅबवर, पुढे. त्याच्या गाडीचा पुढचा ब्रेक किंचाळत होता. पॅड संपलंय हे सांगायला त्याने चालकाच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. चालकाला वाटलं, इथेच उतरायचंय. त्याने गाडी थांबवली, हेल्मेट काढून घेतलं आणि नमस्कार करून गेला.

थोड्या वेळाने तिचा मेसेज आला: "कुठे आहेस? लोकेशन पाठव." त्याने उत्तरादाखल ब्रेक पॅडचा फोटो पाठवला. तो त्याने सिग्नलला गाडी थांबली असताना वाकून काढला होता.