पाच वाजताची वहिवाट

एडिसन, न्यू जर्सी
मार्गशीर्ष शुद्ध दशमी, शके १९४७
(३० नोव्हेंबर २०२५)

तीर्थस्वरूप दादा आणि सौ. वहिनी यांस
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आम्ही उभयता येथे चिरंजिवांच्या बिऱ्हाडी सुखरूप आहोत. पत्रास विलंब झाला त्याचे कारण प्रकृती नव्हे, जेवण. गेला सबंध आठवडा या घरातील चार मोठी माणसे आणि एक नात ‘आज काय करायचे’ या एकाच प्रश्नाचा निकाल लावण्यात गुंतली होती. आणि पनवेलच्या मामलेदार कचेरीत ३६ वर्षे दप्तर सांभाळून सेवानिवृत्त झालेल्या मला लेखणी उचलण्याइतकीही फुरसत मिळाली नाही, यावरून कारभाराच्या व्याप्तीची आपणांस कल्पना यावी.

मूळ मुकदमा असा. या देशात नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ नावाचा कृतज्ञतेचा सण असतो. १६२१ साली प्लिमथ येथे नव्याने येऊन उतरलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांनी तेथील मूळच्या वाम्पानोआग लोकांसमवेत सुगीचे जेवण केले, त्याची ही आठवण समजतात; पुढे १८६३ मध्ये, यादवी युद्ध ऐन भरात असताना, अब्राहम लिंकन यांनी नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार या कामी मुक्रर केला. १९३९ साली त्या महिन्यात पाच गुरुवार आले, तेव्हा नाताळच्या खरेदीसाठी व्यापाऱ्यांस अधिक दिवस मिळावेत म्हणून राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे ओढला. तो हुकूम २३ राज्यांनी शिरोधार्य मानला, २२ राज्यांनी धुडकावला, आणि उरलेल्यांनी दोन्ही गुरुवारी जेवून घेतले. स्मार्त आणि भागवत अशा दोन एकादश्या पाहण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला या प्रकाराचे नवल ते काय वाटणार? फरक इतकाच, की आपल्याकडील तंटा उपाशी कोणत्या दिवशी राहावे याचा असतो. अखेर १९४१ साली कायदा होऊन चौथा गुरुवार कायम झाला.

आता या कायद्यातील मेख पाहावी. यंदा आपली देवदिवाळी २१ तारखेला होऊन मार्गशीर्ष लागला, आणि २७ तारखेचा सणाचा गुरुवार हा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार निघाला. साऱ्या देशाने ज्या दिवशी कमरपट्टे सैल करून जेवायचे, नेमका त्याच दिवशी आमच्या सौ.चा महालक्ष्मीचा उपवास. आणि महिनाभर मासळी-मटण घरात वर्ज्य असल्यामुळे, जिताड्याचे नुसते नाव निघाले तरी पाट मांडून बसणारा आपला हा धाकटा भाऊदेखील सक्तीचा सात्त्विक.

सूनबाई नोकरी करतात, त्यामुळे त्यांचे स्वयंपाकघर अंदाजपत्रकावर चालते. रविवारी त्यांनी आठवड्याच्या जेवणांचा एक तक्ता फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाने चिकटवला. सोमवारी पिठले-भात, कारण फ्रिज रिकामा व्हायला हवा, मंगळवारी मुगाची खिचडी, कारण मंगळवारी कोणालाच वेळ नाही, बुधवारी चंपाषष्ठीचे भरीत-भाकरी, गुरुवारी शेजारी मेजवानी, शुक्रवारी ‘उरलेले’, शनिवारी ‘उरलेल्यातले उरलेले’. इतका प्रांजळ दस्तऐवज मी सरकारी नोकरीत कधी पाहिला नव्हता. मी त्यावर ‘पाहिले’ असा शेरा मारून सही केली. ती नातीने रंगीत खडूने खोडून तेथे मांजर काढले.

तक्त्यात नसलेली पहिली बाब रविवारी संध्याकाळीच दारात उभी राहिली. ज्यांच्याकडे आमचे गुरुवारचे आमंत्रण, त्या शेजारच्या आजीबाई दोन्ही हातांत एक गाठोडे घेऊन आल्या. मुले-नातवंडे यायची म्हणून त्यांचा फ्रिज भरला होता, सबब त्यांच्या टर्कीस चार दिवस आमच्याकडे आसरा मिळेल का, अशी त्यांची विनंती. पक्षी १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोंचा, आणि पाट्यासारखा गोठलेला. फ्रिजमध्ये दिवसाला चार पौंड या गतीने तो मऊ होतो, असा येथील हिशेब आहे. मार्गशीर्षात पाहुणा म्हणून टर्की! सौ. क्षणभर स्तब्ध झाली. परंतु दारी आलेल्यास, मग तो कोणत्याही अवस्थेत आलेला असो, परत लावणे हे आपल्या घराण्याच्या रीतीत बसत नाही. तिने देवघरापासून मोटार ठेवण्याच्या खोलीपर्यंतचे अंतर पावलांनी मोजले, ते १४ भरले, आणि तेथील जुन्या फ्रिजमध्ये त्याची रवानगी करण्यास मंजुरी दिली. याच सणाच्या आधी राष्ट्राध्यक्ष एका टर्कीला जाहीर माफी बहाल करतात आणि १९८९ पासून हा परिपाठ पक्का झाला आहे, असे चिरंजिवांनी सांगितले, तेव्हा ती हळहळून म्हणाली, “मग याचा अर्ज कुणी केला नव्हता का रे?”

मेजवानीस प्रत्येकाने एक पदार्थ न्यावा, असा येथील शिष्टाचार. वहिनींनी निघताना बांधून दिलेले कडवे वाल त्या क्षणी सार्थकी लागले. सोमवारी रात्री ते भिजत घातले आणि मंगळवारी सकाळी फडक्यात बांधले. परंतु आपल्या गावी आपट्यास जे वाल एका रात्रीत मोड काढून मोकळे होतात, ते येथील गारठ्यात संध्याकाळपर्यंत निश्चल. शेवटी सूनबाईंनी ओव्हनमधला लहान दिवा लावून पुरचुंडी आत ठेवली, तेव्हा बुधवारी दुपारी बोटाच्या पेराएवढे मोड आले. सोलण्याच्या कामी नातीची नेमणूक झाली. कोमट पाण्यातला वाल चिमटीत धरून दाबला की साल बोटांत राहते आणि डाळिंबी टुणकन उडते, हा शोध लागल्यावर तिने पहिल्या पाच डाळिंब्या भिंतीवरच्या घड्याळास नेम धरून मारल्या. सहावी माझ्या चहात पडली. त्यानंतर काम शिस्तीने झाले.

त्याच संध्याकाळी चंपाषष्ठीचे वांगे. आषाढीपासून वर्ज्य असलेले कांदा-वांगे त्या दिवशी खंडोबाच्या नावाने मोकळे होते, हे आपण जाणताच. मात्र येथील वांगे दुधीभोपळ्याच्या अंगलटीचे, आणि घर लाकडाचे. सौ.ने ते गॅसवर ठेवले, साल तडतडू लागली, तो खमंग वास ओट्यावर दरवळला न दरवळला तोच छतावरच्या धूर ओळखणाऱ्या यंत्राने कर्कश किंकाळी फोडली, आणि मग बाईच्या आवाजात ‘आग! आग!’ असा इंग्रजीत पुकारा सुरू केला. चिरंजीव शिडी आणावयास धावले, सूनबाईंनी खिडक्या उघडल्या, नात पंचा घेऊन यंत्रास वारा घालू लागली. आणि या गदारोळात सौ. जागची न हलता, देठ धरून वांगे दुसऱ्या कुशीवर वळवीत, वर पाहून म्हणाली, “होय गं बाई, भाजतेय, कळलं.” भरीत अप्रतिम झाले. जेवलो मात्र स्वेटर घालून, कारण खिडक्या रात्री नऊपर्यंत उघड्याच होत्या.

आता गुरुवारचा मुख्य वाद. आजीबाईंच्या मेजवानीची वेळ दुपारी तीन. आणि व्रताचा उपवास सुटणार संध्याकाळी, घटापुढे दिवा लावून, नैवेद्य दाखवून झाल्यावर. या पेचातून वाट काढण्यासाठी मी एक कैफियत सादर केली. येथे दुपारचे तीन वाजतात तेव्हा आपट्यास मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो. सबब व्रत ज्या गावचे, त्या गावच्या घड्याळाने गुरुवार केव्हाच निकालात निघाला, आणि शुक्रवारी जेवण्यास हरकत नसावी. सौ.ने ती दोन शब्दांत फेटाळली. लक्ष्मी घड्याळ पाहून येत नाही, दिवेलागणी पाहून येते, असा तिचा निवाडा. मग चिरंजिवांमार्फत आजीबाईंकडे अर्ज गेला, की जेवण पाचाला ठेवता येईल काय. उत्तर तत्काळ आणि उदार मनाने आले: खुशाल.

आणि येथे या देशाचा सूर्यच आमच्या बाजूने साक्षीस उभा राहिला. आपट्यास सूर्य मावळतो तो सहाच्या सुमारास. येथे नोव्हेंबरअखेर तो साडेचारलाच मावळतो. सौ.ने घट मांडला. नारळास शेंडी नव्हती, कारण येथील दुकानात नारळ हजामत करून विकतात. पाच प्रकारच्या पानांची ददात होती, कारण रस्त्यावरची सारी झाडे निष्पर्ण. ओक ट्री रोडवरच्या दुकानातून आणलेली विड्याची आणि आंब्याची पाने, खिडकीतल्या कुंडीची तुळस, आणि आजीबाईंच्या कुंपणावरच्या दोन सदाहरित डहाळ्या अशी बेरीज केली. पावणेपाचला समई लागली. ज्या एडिसनने १८७९ साली मेन्लो पार्क येथे आपला विजेचा दिवा उजळून दाखवला, त्याचेच नाव धारण करणाऱ्या, आणि ते मेन्लो पार्क पोटात बाळगणाऱ्या या गावात आमच्या सौ.ने तिळाच्या तेलाने दिवेलागण केली, आरती झाली, नैवेद्य दाखवला, आणि ठीक पाच वाजता वालाच्या बिरड्याचे पातेले घेऊन आम्ही शेजारी हजर झालो.

दादा, त्या टेबलाजवळ मला जे उमगले ते लिहिण्यासाठीच हा सारा प्रपंच. मधोमध आमचा चार दिवसांचा पाहुणा सोनेरी होऊन पहुडला होता. त्याच्याकडे मी ओळख न दाखवता पाहिले. परंतु भोवती काय होते? लोणी घालून घोटलेला बटाटा. भाजलेली रताळी. लाल भोपळा. शेंगदाणे. करवंदाच्या लोणच्याची मावसबहीण शोभेल अशी क्रॅनबेरीची आंबटगोड चटणी. हे आपल्या घरचे उपवासाचे ताट! मग आठवले, की बटाटा, रताळे, भुईमूग, लाल भोपळा, राजगिरा, आणि ज्याचा साबुदाणा होतो तो कंददेखील, सगळी मूळची उत्तर-दक्षिण मिळून या अमेरिका खंडांचीच रयत. समुद्रमार्गे आपल्याकडे आली, आणि शास्त्राने त्यांचा निषेध केलेला नाही, कारण शास्त्राला ती ठाऊकच नव्हती, म्हणून उपवासास चालू लागली. हे लोक ज्या जिनसांनी सण साजरा करतात, त्याच जिनसांवर आपण शतकानुशतके पुण्य मिळवीत आहोत. सौ.ने बटाट्याने आणि रताळ्याने उपवास सोडला, वर दोनदा वाढून घेतले. शेवटी भोपळ्याचा ‘पाय’ नावाचा गोड पदार्थ आला. त्यात अंडे असल्याचे कळल्यामुळे आम्ही उभयतांनी त्या पायाला हात लावला नाही. बिरड्याचे पातेले मात्र रिकामे परतले. आजीबाईंच्या थोरल्या चिरंजिवांनी तळाचा रस्सा पावाने पुसून घेतला.

शुक्रवारी तक्त्याबरहुकूम ‘उरलेले’. आजीबाईंनी डबाभर घोटलेला बटाटा दिला होता. त्यात मिरची-कोथिंबीर घालून सौ.ने बटाटेवडे केले. लोण्यामुळे पहिला घाणा कढईत विरघळला. दुसऱ्यास बेसन वाढवून ताळ्यावर आणले. शनिवारी ते खायला आजीबाई स्वतः आल्या.

पुढील वर्षी ज्येष्ठ अधिक असल्याने मार्गशीर्ष डिसेंबरात लोटला जाईल, सणाचा गुरुवार कार्तिकात पडेल, आणि वादाचे मूळच नाहीसे होईल. तेव्हा जेवण पूर्ववत तीन वाजता ठेवावे, असे मी आजीबाईंना मोठ्या मनाने सुचवले. त्यांनी वडा मोडता मोडता मान हलवली. इतकी वर्षे त्यांचा टर्की घाईने आत कच्चा राहत असे; यंदा दोन तास अधिक मिळाल्यामुळे तो प्रथमच हाडापर्यंत शिजला, सबब यापुढे जेवण पाचालाच. कारण संपले तरी वहिवाट पडली, ती अशी.

वहिनींनी पुढच्या माणसाबरोबर वाल अधिक पाठवावेत. येथे आता दोन घरांचा शिधा धरावा लागेल. उद्या एकादशी. फ्रिजमध्ये रताळी शिल्लक आहेत, त्यामुळे काळजी नसावी.

कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक
धाकटा