अर्धं शटर

राळेगणसिद्धीत किराणा दुकान चालवणाऱ्या माणसाने सुट्टी मागायची तरी कोणाकडे? १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, तेव्हा भांडायला समोर गिरणीमालक तरी होते. माझा मालक मीच, आणि माणूस महाकंजूष. २०१७ च्या राज्याच्या दुकान कायद्याने दुकानाला वर्षाचे ३६५ दिवस उघडं राहायची मुभा दिली. आठवड्याची सुट्टी ठेवली ती कामगाराला, तीही तेव्हा दहा किंवा जास्त माणसं कामावर असतील तिथं. आमच्याकडे कामगार म्हणजे मी, बायको आणि तावडीत सापडला तर पोरगा.

बरं, सणावाराला तरी निवांत बसावं, तर लोकांची सुट्टी हाच आमचा हंगाम. पोळ्याला बैल गोठ्यात आरामात. त्याच्या खांद्याला हळद लागणार, शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळ, दारात पुरणपोळी. हळद कुणी द्यायची? रंग, हरभऱ्याची डाळ, गूळ? मी. बैलाच्या एका दिवसाच्या विश्रांतीसाठी मी आदल्या रात्रीपर्यंत जुंपलेला. एकादशीला गाव उपाशी, म्हणजे साबुदाण्याला रांग. इतकंच काय, २०१९ च्या जानेवारीअखेर अण्णा हजारे यादवबाबांच्या मंदिरात उपोषणाला बसले, तेव्हा गावात एवढी माणसं लोटली की बिस्किटं आणि पाण्याच्या बाटल्या देता देता माझंच जेवण राहून गेलं. तेही उपोषणच, पण त्याची बातमी झाली नाही.

बंद ठेवण्याच्या बाबतीत आमच्या गावाचा हात कोण धरणार? दारूच्या भट्ट्या बंद. दुकानात बिडी-तंबाखू बंद. डोंगरावर चराई बंद, कुऱ्हाड बंद. पाऊस या बंदीआधीही वर्षाला ४००-५०० मिलिमीटर पडायचा, आजही फार वेगळा नाही. पण जनावरं डोंगरावरून खाली आली, गवताला डोकं वर काढायला सवड मिळाली, माती जागेवर थांबली, नालाबांधाशी अडलेलं पाणी मुरून विहिरींना उतरलं. बांध घालायला गावाने श्रमदान केलं, घाम गाळला, हे खरंच. तरी गवताने नुसतं एवढंच मागितलं होतं, की बाबांनो, जरा तुडवू नका.

हे सगळं मी एका रात्री बायकोला रंगवून सांगितलं आणि म्हणालो, “आपणही महिन्यातून एक दिवस गिऱ्हाइकांना चराईबंदी करू.”

ती वही मिटत म्हणाली, “डोंगराला उधारी वसूल करायची नव्हती.”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. एक दिवस बंद दिसलं की गिऱ्हाईक वाडेगव्हाणला जातं, सुप्याला जातं, तिथली मोठी दुकानं बघतं, आणि मग आमच्याकडे फक्त काडेपेटीपुरतं येतं. मोठ्या दुकानाचा मालक आजारी पडला तर मॅनेजर असतो. आमच्याकडे माझी कंबर धरली की दुकानाचीच कंबर धरते. म्हणून तर मी हटून बसलो. यंत्राला खंडेनवमी आहे, तराजूला लक्ष्मीपूजन आहे. तराजू धरणाऱ्याला काय आहे?

शेवटी अमावास्या ठरली. जुनी माणसं त्या दिवशी औत धरत नसत, त्यामुळे देवाधर्माच्या नावाखाली ते खपून गेलं. पाटी लावली: ‘आज दुकान बंद’. पण आमच्या घराची वाट दुकानातूनच, त्यामुळे शटर अर्धंच ओढता आलं. आता अर्धं शटर म्हणजे गावाच्या लेखी दुकान बंद नसतं, फक्त बुटकं झालेलं असतं. पहिलं गिऱ्हाईक वाकून आत आलं, त्याला बायकोने पाटी दाखवली. “वाचली की,” म्हणालं, “म्हणूनच पैसे आणले नाहीत.”

दुपारी मी खरोखर आडवा झालो. पंख्याखाली डोळा लागतोय तोच शटरखालून आधी टोपी आली, मग डोकं, मग आळीतले तात्या.

“शेठ, झोपा, झोपा, उठू नका. दुकान बंद दिसलं म्हणून मुद्दाम आत्ता आलो. एरवी गर्दीत बोलणं होत नाही.” तात्या पोत्यावर टेकले. “निवांत आहात, तर यादीच करून टाकू. पोरीच्या लग्नाची आहे. तांदूळ कुठला बरा?”