शेठ सध्या कोणत्या राज्यात आहेत?

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिकीट इकडे फाडतात, स्टेशनमास्तर तिकडे बसतात, आणि फलाटावरच्या एका बाकड्यावर जोडपं टेकलं तर नवरा एका राज्यात, बायको दुसऱ्या. बाहेरगावची माणसं त्या बाकड्यावर सेल्फी काढतात. आम्ही नाही काढत. आम्ही तसल्याच बाकड्यावर नोकरी करतो.

आमचा कारखाना कापडाचा, नवापूरच्या हद्दीत, शेठ सुरतेचे. कंपनी नेमकी कोणत्या राज्यातली, हे विषय पाहून ठरतं. पगारवाढ मागायला जावं, तर "अरे भाई, इथे गावात खर्च तरी किती?" म्हणजे आपण महाराष्ट्रात. ताके कमी निघाले, की "सुरतमध्ये एक माणूस किती लूम सांभाळतो, जाऊन बघा." म्हणजे गुजरातेत. उतरायणाला पतंगासाठी सुट्टी मागितली की आपण महाराष्ट्रातले. शिवजयंतीला मागितली की हेड ऑफिस सुरतला! खरी पंचाईत १ मेची. १९६० साली दोन्ही राज्यं एकाच दिवशी जन्मली, वर कामगार दिनही तोच. इकडून मोजा, तिकडून मोजा, सुट्टीचं निमित्त चुकत नाही. शेठनी यावर बराच विचार केला असावा, कारण त्या दिवशी सकाळी त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि कारखाना चालू ठेवला.

मध्यंतरी त्यांनी सुरतेहून एक 'लीडरशिप'वाले साहेब आणले. पडद्यावर सिंह दाखवून ते म्हणाले, "ही कंपनी नाही, परिवार आहे." जादा कामाला दुप्पट दर द्या, असं कायदा १९४८ पासून सांगतोय, पण परिवारात ओव्हरटाइम कसला? तिथे रातपाळीलाही माया म्हणतात. दिवाळीत मात्र कुटुंबप्रमुख लाभपंचमीपर्यंत सुरतेत, आणि लेकरं भाऊबीजेचं ताट उचलून थेट लूमवर. शेवटी साहेबांनी विचारलं, "तुमचा लीडर कोण?" अख्ख्या खात्यानं आमच्या मुकादमाकडे, जॉबरदादांकडे पाहिलं. शेठ पहिल्याच खुर्चीत होते. दादांची त्या वर्षीची वाढ अजून सुरतेहून निघालेली नाही.

होळीपुढे मात्र दोन्ही राज्यांचं काही चालत नाही. गुजरातेत ऊस तोडायला गेलेली माणसंसुद्धा होळीला गावी परततात. मग नवापुरातल्या नवापुरात कोण मशीनवर थांबणार? तरी शेठनी नोटीस लावली: होळीला गैरहजर राहील त्याचा तीन दिवसांचा पगार कापला जाईल. होळीच्या दिवशी कारखान्यात शेठ, हिशेबनीस मेहताजी, मी आणि वॉचमन. दुपारी वॉचमनही "जरा बघून येतो" म्हणून गेला, तो ढोल थांबल्यावर आला.

माणसं परतल्यावर शेठनी जॉबरदादांना बोलावलं.

"नोटीस वाचली नव्हती?"

"वाचली की, शेठ. मराठीत होती."

"मग?"

"आम्ही मावची बोलतो."

आता बोला! नवापूरच्या फलाटावर गाडीची घोषणा चार भाषांत होते, तरी मावचीचा नंबर त्यात नाहीच; शेठना कुणाचा दाखला द्यायचीही सोय उरली नाही. त्यांनी मेहताजींना फर्मावलं, पुढच्या वर्षी नोटीस मावचीतच काढायची. मेहताजी लिहून देणारा शोधत फिरले आणि फिरून फिरून दादांकडेच आले.

"देतो की लिहून," दादा म्हणाले. "होळी होऊ द्या फक्त."