कागदोपत्री कॅप्टन

सैनिकाला शत्रू किती? शाळेच्या पुस्तकात दोन असतात, एक पश्चिमेचा आणि एक उत्तरेचा. सोलापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही माजी सैनिकाला विचारा, तो तिसरा सांगेल: भरतीच्या दिवशी टेबलामागे बसलेला कारकून. पहिल्या दोघांशी कधी ना कधी युद्धबंदी होते. तिसऱ्याने एकदा जे लिहिलं, ते मात्र माणूस बंदूक जमा करून घरी आला तरी त्याच्यावर नेम धरून बसतं.

हा शत्रू हुद्दा बघत नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे हवालदार-सुभेदारांना वाईट वाटायला नको. जनरल विजयकुमार सिंग आपल्या पुण्यातल्या लष्करी रुग्णालयात जन्मले. वडीलही सैन्यातच. म्हणजे जन्माला लष्कर जातीने हजर होतं. तरीही ते कोणत्या साली जन्मले, यावर लष्कराचं स्वतःशीच एकमत झालं नाही. ॲडज्युटंट जनरल शाखेच्या दप्तरात 10 मे 1951, तर मिलिटरी सेक्रेटरी शाखेच्या दप्तरात 10 मे 1950. एनडीएचा अर्ज भरताना, वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी, 1950 लिहिलं गेलं आणि मॅट्रिकच्या प्रमाणपत्रावर 1951 आलं. पुढे चार दशकं एकाच मुख्यालयात दोन विजयकुमार नांदले, एक थोरला, एक धाकटा. पगार मात्र एकालाच मिळाला, ही त्यातली समाधानाची बाब.

31 मार्च 2010 रोजी ते लष्करप्रमुख झाले. आता लष्करप्रमुखाने सांगितलं की रणगाडे हलतात. पण कागदावरचा एक आकडा हलेना. 30 डिसेंबर 2011 रोजी सरकारने त्यांची तक्रार फेटाळली आणि जानेवारी 2012 मध्ये पदावरचा लष्करप्रमुख स्वतःच्याच सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढला. त्यांच्या बाजूने उभे राहिलेले वकील होते उदय उमेश ललित, ज्यांच्या आजोबांनी, रंगनाथ ललितांनी, आपल्या सोलापुरात वकिली केली. तेव्हा देशातल्या सर्वांत मोठ्या नोंद-दुरुस्तीला सोलापूरचा हात लागला होता, हे आपण अभिमानाने सांगू शकतो. फक्त दुरुस्ती झाली नाही, हे हळू आवाजात सांगायचं.

10 फेब्रुवारी 2012 रोजी न्या. लोढा आणि न्या. गोखले यांच्यासमोर सरकारने आपला डिसेंबरचा आदेश मागे घेतला, जनरलसाहेबांनी आपली याचिका मागे घेतली, आणि दोन्ही बाजूंच्या या शिस्तबद्ध माघारीनंतर मैदानात एकटं 1950 उभं राहिलं. न्यायालयाने एक मुद्दा स्वच्छ केला. साहेब खरोखर कधी जन्मले हा प्रश्नच नव्हता. सरकारी दप्तराने कोणती तारीख मान्य केली आहे, एवढाच प्रश्न होता. त्याआधी 2008 आणि 2009 मध्ये साहेबांनी 1950 लेखी मान्यही केलं होतं. 31 मे 2012 रोजी दोघेही विजयकुमार एकदमच निवृत्त झाले, धाकटा जरा लवकर.

जन्मतारखेची ताकद ललितसाहेबांनाही पुढे कळलीच. ते 2022 मध्ये सरन्यायाधीश झाले आणि 74 दिवसांत पासष्ट पूर्ण म्हणून पायउतार झाले. त्यांच्या जन्मनोंदीत एखाद्या कारकुनाने वर्षाची चूक केली असती, तर देशाला सरन्यायाधीश वर्षभर जास्त मिळाला असता. पण हवी तिथे चूक करतील तर ते कारकून कसले.

सरकारचीही बाजू आहे. चाकरीत शिरल्यावर ठरावीक मुदतीतच तारीख बदलून मिळते. केंद्राच्या मुलकी नोकरांना पाच वर्षं आहेत. ही अट नसती तर निवृत्तीच्या वर्षी अख्खा देश तरुण होऊ लागला असता. आणि आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी तर तारखेवर बोलूच नये. शाळेत नाव घालायला आलेल्या पोराच्या आईने "दुष्काळात झाला, ज्वारी काढायच्या टायमाला" असं सांगितलं की गुरुजी शांतपणे 1 जून लिहीत. त्यामुळे आमच्या आधीच्या पिढीतला निम्मा जिल्हा एकाच दिवशी जन्मला. त्या दिवशी सुइणींची काय धांदल उडाली असेल!

आता जनरलवरून खाली येऊ. समजा, आपल्या जिल्ह्यातले एक ऑनररी कॅप्टन आहेत. उभी हयात घासून सुभेदार मेजर झाले आणि 26 जानेवारीच्या यादीत मानाचा हुद्दा मिळाला. गावाने फ्लेक्स लावला, सत्कार केला, फेटा बांधला. पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या मूळ आदेशावर, ते अजून सुभेदार मेजरच. त्यांचं नाव मी देत नाही. द्यायचं तर कुठलं द्यायचं, आधारवरचं की पीपीओवरचं, हीच तर भानगड आहे.

सिद्धेश्वराच्या या जिल्ह्यात ज्याचं नाव सिद्राम नाही, त्याच्या शेजाऱ्याचं तरी असतंच. भरतीच्या दिवशी उत्तरेकडच्या कारकुनाने 'सिद्राम' ऐकलं आणि भक्तिभावाने 'सीताराम' लिहिलं. जिल्हा 'शोलापूर' लिहिला, कारण इंग्रज तसंच लिहायचा. बत्तीस वर्षं पलटणीत कुणाची तक्रार नव्हती, कारण हाक नंबरावरून होती. घोळ निघाला तो नाव दुरुस्तीचा अर्ज केल्यावर. उत्तर आलं: सिद्राम नावाची व्यक्ती या दप्तरात नाही, तरी सीताराम यांनी अर्ज करावा. सीताराम म्हणून सही केली, तर ती आधारशी जुळेना. कॅप्टनसाहेबांनी दोघांनाही एकाच वेळी अर्जावर सही करायला लावायचं ठरवलं होतं, पण मिसेसनी अडवलं.

मिसेसचं प्रकरण त्याहून नाजूक. माहेरची शांता. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळावर अंगठीने 'सुमन' लिहिलं आणि वऱ्हाडी जेवायला बसले. पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरमध्ये, म्हणजे घरच्या नोंदींच्या आदेशात, पत्नी म्हणून शांता छापली गेली, कारण शाळेचा दाखला तिचा होता. आधार, पॅन आणि बँकेचं पुस्तक सुमनचं. दप्तराला संशय आला: शांता हयात असताना सुमन कुठून आली? घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा मृत्यूचा दाखला जोडा. पत्र वाचून मिसेस म्हणाल्या, "काय ओ, मी तर येकटीच हाय की! दुसरी कुठं लपवून ठेवलाव?" चाळीस वर्षांच्या संसारात कॅप्टनसाहेबांवर पहिल्यांदाच कुणीतरी असा पराक्रम लादला होता, तोही लेटरहेडवर.

मग दुरुस्तीची मोहीम सुरू होते. प्रतिज्ञापत्र, एका मराठी आणि एका इंग्रजी पेपरात जाहिरात, राजपत्र, जॉइंट फोटो. हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या शिक्क्यानिशी रेकॉर्ड ऑफिसला: मराठा लाइट इन्फंट्रीवाला असेल तर बेळगाव, तोफखान्याचा असेल तर नाशिक रोड, रणगाड्यांवरचा असेल तर नगर. तिथून पेन्शन कार्यालयाकडे प्रयागराजला, आणि प्रयागराजहून कॉर पीपीओ, म्हणजे दुरुस्त केलेला आदेश. यात्रेला निघालेलं पाकीट संगमावर पोचतं, त्रुटीचा शेरा घेतं आणि पावन होऊन सोलापूरला परत येतं. भरतीच्या दिवशी चूक करायला एक कारकून आणि अर्धं मिनिट पुरलं होतं. ती निस्तरायला तीन शहरं लागतात.

आता 'स्पर्श' नावाची संगणक प्रणाली आली आहे. तीस लाखांहून जास्त संरक्षण पेन्शनर तिच्यावर आहेत, आणि पाकिटाऐवजी स्क्रीनवर अर्जाचा प्रवास दिसतो. ही सुधारणाच आहे, थट्टा नाही. अडचण एवढीच की जुन्या दप्तरातला सीताराम जसाच्या तसा यंत्रात उतरला. आधी कारकुनाशी भांडता तरी येत होतं, चहा पाजता येत होता. यंत्र चहा पीत नाही. ते फक्त 'नाव जुळत नाही' म्हणतं आणि दर वर्षी हयातीचा दाखला मागतं. समोर उभा असलेला माणूस हा पुरावा होत नाही, हे उत्तर प्रदेशातल्या आझमगढच्या लाल बिहारींना विचारा. महसुली दप्तरात मेलेल्या या गृहस्थांना कागदावर जिवंत व्हायला 1994 साल उजाडलं. मध्यंतरी त्यांनी राजीव गांधींविरुद्ध निवडणूकही लढवली, कारण उमेदवार व्हायला तरी जिवंत असावं लागतं.

हसून झालं असेल तर कामाचं ऐका. ही दुरुस्ती हौसेची नाही. कॅप्टनसाहेबांची पेन्शन सीतारामच्या नावाने का होईना, येते. अडणार आहे ती त्यांच्या मागे सुमनची कुटुंब पेन्शन, आणि तेव्हा साक्ष द्यायला साहेब नसतील. तेव्हा माझी मागणी साधी आहे. नवऱ्याने हयातीत लिहून दिलं, शाळेचा दाखला आणि आधार जोडलं, जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याने समोर बसवून ओळख पटवली, की पत्नीच्या नावाची दुरुस्ती तिथल्या तिथे झाली पाहिजे. देश ज्याच्या हाती बंदूक देतो, त्याच्या बायकोचं नाव त्याने सांगितलं तर विश्वास ठेवायला काय हरकत आहे?

ते होईपर्यंत, माजी सैनिक वाचकहो, आज संध्याकाळी डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार आणि पॅन एका रांगेत मांडा. आपलं आणि पत्नीचं नाव अक्षर-अक्षर ताडून बघा, तिची जन्मतारीख बघा, हुद्दा बघा. जिथे जुळत नाही तिथे उद्याच अर्ज टाका, पोच घ्या, आणि दाद मिळाली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईत आहे हे लक्षात ठेवा. जनरलसाहेबांची लढाई दहा महिन्यांच्या खुर्चीसाठी होती. तुमची पत्नीच्या उरलेल्या आयुष्याच्या भाकरीसाठी आहे, म्हणून ती आत्ताच लढा.