दोन सूत

असे एक काकाजी तुमच्याही गल्लीत असतील. नसतील तर पवनीला या आणि आमचे घेऊन जा. डिझेल मी भरतो.

रविवारी सकाळी सहाला ते दारात उभे. हातात गळाच्या तंगुसाचं रीळ, कानावर पेन्सिल.

"बाबू, तुही पिकअप डावीकडं ओढते."

"नाही ओढत, काकाजी."

"ओढते. काल वळनावर पाह्यलं मी. दोन सूत बाहेर हाये."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे ज्यांनी घरात सुतार बसवलाय त्यांना माहीत असतंच. दोन सूत म्हणजे सव्वासहा मिलिमीटरहून जरा जास्त. पिकअपच्या पुढच्या चाकांची तोंडं किंचित आत वळलेली लागतात, तीही साधारण दोन-तीन मिलिमीटर. म्हणजे अख्खा मामला एका सुताच्या आत आटोपतो. पण काकाजींच्या टेपवर एक सूत छापलेलंच नाही. तीनही नाही.

मग त्यांच्या आवारात सोहळा सुरू होतो. स्टिअरिंग सरळ करून दुपट्ट्यानं बांधायचं. चार कोपऱ्यांना चार स्टुलं, त्यांवर काकूंच्या चार पितळी गुंड्या, भंडाऱ्याच्या, काठोकाठ भरलेल्या. या गुंड्यांना गाडीच्या दोन्ही अंगांनी तंगूस ताणायचा, चाकाच्या मधोमध येईल अशा उंचीवर. मग दोरीपासून रिमच्या पुढच्या कडेपर्यंत एक माप, मागच्या कडेपर्यंत दुसरं. फरक आला की टाय-रॉडचा चेकनट ढिला करून रॉड फिरवायचा आणि गाडी चार हात पुढंमागं ढकलायची, कारण उभ्या जागी चाक फिरवलं की टायर आखडून बसतं आणि माप खोटं येतं. शास्त्र बरोबर आहे. तक्रार एवढीच, की ढकलायला मी असतो.

तोवर दोरीला कुणी शिवायचं नाही. दूधवाला वाकून जातो. काकू वाकून जातात, डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन. कारण घरातल्या साऱ्या गुंड्या दोरीच्या सेवेत असतात. शेजारची शेळी मात्र वाकत नाही. त्या दिवशी माप पहिल्यापासून.

एवढ्यावर थांबते तर मी हे लिहिलं नसतं. पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना यांनी एक डोळा मिटला आणि अंतरपाटाकडं पाहून जाहीर केलं, "दोन सूत." भटजी थांबले. नवरदेवानं फेटा सावरला. मंडईच्या जत्रेच्या रात्री झाडीपट्टीच्या नाटकात नायिका हंबरडा फोडत असताना पहिल्या रांगेतून आवाज आला, "पडदा दोन सूत तिरपा हाये जी!" नायिकेला जे हसू फुटलं, ते पुढचा अंक संपेपर्यंत आवरलं नाही. कंबर धरली म्हणून डॉक्टरांकडं नेलं, तर एक्स-रे खिडकीपुढं धरून स्वतःच निदान करून मोकळे. जिल्ह्यात त्यांनी सुतानं न मोजलेलं काम एकच, गोसीखुर्दचं धरण. 1988 साली पायाभरणी झाली आणि काम तीन दशकांवर रेंगाळलं. "ते सुतात बसत नाही गा," म्हणाले.

एकदा वैतागून मी चोरून भंडाऱ्याला गेलो आणि मशीनवर अलायमेंट करून आणली. पडद्यावर सगळे आकडे हिरवे. संध्याकाळी काकाजींनी गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरवरून हात फिरवला.

"कोनं हात लावला गा हिला?"

"कुणी नाही."

"दोन सूत."

आणि गाडी खरंच ओढत होती! डाव्या टायरात हवा कमी होती, हे त्यांनीच शोधलं. ते श्रेय द्यायला मला आठ महिने लागलेत.

या दिवाळीला त्यांचा मुलगा चाकणहून आला. तो गाड्यांच्याच कारखान्यात आहे. नवी कोरी कार. चार दिवसांची सुट्टी, त्यातले दोन सासुरवाडीला. निघायच्या सकाळी बॅगा भरून तो बाहेर आला, तर कारच्या चहूबाजूंनी तंगूस.

"बाबा, नवीन गाडी हाये न! कंपनीत हे सारं कॉम्प्युटरवर होते."

"डावीकडं ओढते."

"उशीर होऊन रायला, बाबा."

"थांब ना गा. मापू दे."

टेपचं दुसरं टोक धरायला अर्थातच मी. पुढची कड मापली, मागची मापली. मग पलीकडच्या बाजूनं. दोन्हीकडचे आकडे अगदी सारखे. पाना डब्यातून बाहेरच निघाला नव्हता. दारात काकू नातीच्या केसांना तेल लावत होत्या, सावकाश. आत चुलीवर पुन्हा भात चढला होता.

"काकाजी, बरोबर आहे," मी हळूच म्हणालो.

त्यांनी टेपकडं पाहिलंच नाही. रिमवर हात ठेवून बसले होते.

"बाबू," ते म्हणाले, "दोन सूत सांग."

मी पोराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं.