पायाळूची ओपीडी

धाराशिव जिल्ह्यात रब्बी ज्वारीची काढणी सुरू झाली की माणसं वाकतात आणि काही तशीच राहतात. इकडे ज्वारी मुळासकट उपटायची पद्धत. ताटं दोन्ही हातांनी धरायची, हिसका द्यायचा, मुळाची माती झटकायची, की पुढचं ताट. संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी कमरेत उसण भरतेच. मग चौकशी सुरू होते, "गल्लीत पायाळू कोण हाय?"

पायाळू म्हणजे पायाकडून जन्मलेला. त्याने हलकी लाथ मारली की उसण उतरते, असा जुना समज. फिजिओथेरपीच्या पदवीला बारावीनंतर चार वर्षं आणि वर इंटर्नशिप लागते. पायाळूचं शिक्षण मात्र आईच्या पोटातच पुरं होतं. फीसुद्धा नाही.

पंचाईत होते ती घरची सूनच पायाळू निघाली तर. एरवी सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर न ढळू देणारी ती दारात येऊन हळूच म्हणते, "मामा, पालथं पडा." सासू तोंडाला पदर लावून आत पळते. लाथ बसते. मामा कण्हतात, पण "उतरली गं" म्हणतात. सुनेच्या लाथेला गुण नाही म्हणायची छाती कुणाची?

सुश्रुतसंहितेत सांधे निखळण्याचे 6 आणि हाडं मोडण्याचे 12 प्रकार आहेत. उपायांत ओढणं, दाबणं, बांधणं आहे. लाथ नाही. तिकडे अमेरिकेत 1895 साली डॅव्हनपोर्ट गावात डी. डी. पामर यांनी एका बहिऱ्या सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागल्याचा दावा केला. मणके दाबून इलाज करायचं कायरोप्रॅक्टिक निघालं ते त्यातून. आमचा पायाळू त्यामानाने मर्यादेत राहिला. कमरेवर लाथ मारून त्याने कानावर कधी हक्क सांगितला नाही.

खरं तर साधी उसण बहुधा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपोआप उतरते. श्रेय शेवटच्या लाथेला. पाय बधिर झाला, त्यातलं बळ गेलं किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र पायाळूला घरीच ठेवून थेट दवाखाना गाठावा.

आता पायाळूंचाच तुटवडा आहे. सोनोग्राफीत बाळ उलटं दिसलं की डॉक्टर बहुतेकदा सिझेरियन करतात. मग पोटातून काढलेलं लेकरू पायाळू धरायचं की नाही? पारावर यावर घोळ चालू शकतो. ज्याची कंबर धरलीय तो वादात पडत नाही. तो फक्त सांगतो, "बूट तेवढा काढ रं बाबा."